जुन्या जेट बोटीचा करंट अचानक जातो? नवीन माणसानं तपासणी कुठून सुरू करायची

जुनी जेट बोट घेतलेल्या माणसाचा पहिला फोन बहुतेक एकाच गोष्टीसाठी येतो. चावी फिरवली तर डॅशबोर्ड अंधार, किंवा नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरला चांगली पळायली होती आणि एकदम सगळं बंद पडलं, पाच मिनिटांनी आपोआप परत चालू झालं. मग गावातला कुणीतरी सांगतो बॅटरी गेली, नवीन बॅटरी येते, दोन फेऱ्या होतात आणि परत तेच. मग सेल्फ बदलतो, मग चावीचा स्विच. पैसे जातात आणि फॉल्ट तिथंच बसलेला असतो. म्हणून आधीच सांगतो, जुन्या बोटीत करंट तयार होतो, साठतो पण बहुतेक वेळा तो पोचत नाही. जॉइंट, लग (केबलच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं), प्लग, अर्थिंग, इथं कुठंतरी तो अडकतो. आणि तो कुठं अडकलाय हे मीटर सांगतं, अंदाज सांगत नाही. मीटर लावल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका.

बोट मुंबई किंवा कोकणाकडून आलेली असेल तर ही गोष्ट डबल लागू. आपलं गोदावरीचं पाणी गोडं, त्यानं वायर लवकर खराब होत नाही, पण खाऱ्या पाण्यात काढलेली वर्षं वायरच्या आत राहिलेली असतात. वरून इन्सुलेशन एकदम टकाटक आणि आतली तार काळी-हिरवी, हे इथं आल्यावर सुद्धा हळूहळू वाढत जातं.

आधी सेफ्टी, आणि हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. जेट बोटीला पाण्याखाली सुकाणू नसतं, मागून निघणारा पाण्याचा झोत डावी-उजवीकडं वळवून ती वळते. म्हणजे इंजिन बंद तर झोत बंद, आणि झोत बंद तर स्टिअरिंग कितीही फिरवा, बोट वळणार नाही. करंट गेला म्हणजे नुसता लाईटचा प्रॉब्लेम नाही, बोट तुमच्या हातात राहत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडे असताना वरच्या बाजूला बोट बंद पडली तर पाणी कुठं नेईल ते सांगायला नको. म्हणून ज्या बोटीत करंटचा फॉल्ट अजून सापडला नाही ती बोट प्रवाहात न्यायचीच नाही. टेस्ट करायचीय तर काठाजवळ, दोरी बांधून, लाइफ जॅकेट घालून, बोटीत नांगर आणि वल्हं ठेवून. मधेच बंद पडली तर चावीशी खेळत बसू नका, पहिला नांगर टाका, मग बघा काय झालं ते. आणि हो, धरणात बोट उतरवायची परवानगी आधी विचारून घ्या, जायकवाडीचा नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथं उगं टेस्टिंगला जाऊ नका.

दुसरी सेफ्टी पेट्रोलची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते आणि इंजिन बंद कप्प्यात असतं. गाडीचं बॉनेट खालून मोकळं असतं, बोटीचं नाही. त्यामुळं झाकण उघडा, वास घ्या, ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, असेल तर किमान 4 मिनिटं चालवा आणि मगच टर्मिनलला हात लावा. ब्लोअर चालवायला सुद्धा करंट नाही तर झाकण उघडं ठेवून चांगला वेळ हवा खेळू द्या. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा. आणि बोटीखालच्या पाणी ओढायच्या जाळीत किंवा पंपात हात घालायचा असेल तर चावी खिशात पाहिजे.

सामान फार लागत नाही. साधं डिजिटल मल्टीमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाने, पॉलिश पेपर, वायर ब्रश, एक लांब वायर दोन्हीकडं क्लिप लावलेली, आणि एक वही-पेन. वही कशाला म्हणाल तर जुन्या बोटीत तीन मालकांनी तीन प्रकारे वायरिंग केलेलं असतं, आज तुम्ही जे शोधलं ते पुढच्या महिन्यात आठवणार नाही. मोबाइलवर फोटो काढा, पण कोणती वायर कुठून कुठं जाते ते हातानं लिहा.

आता नेमकं काय बंद पडलंय ते बघा

इथं घाई करू नका, अर्धं निदान इथंच होतं. इंजिन जोरात गुरगुरतंय, आरपीएम चढतोय पण बोट पुढं जात नाही, तर तो करंटचा फॉल्ट नाहीच. खाली जाळीत जलपर्णी किंवा प्लास्टिक अडकलंय किंवा पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा, झिजलाय. नांदेडला गोदावरीत जलपर्णी कमी आहे का, हे तर सगळ्यात आधी बघायचं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात या बोटी उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी चालत्या केल्या, बाहेर पंखा नाही म्हणून कमी पाण्यात चालते, पण पाणी ओढते तसा कचरा पण ओढते.

सगळं एकदम मेलंय, डॅश, हॉर्न, बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा), काहीच नाही, तर सगळ्यांच्या सामाईक रस्त्यावर बघा. बॅटरी, बॅटरीचा मेन स्विच, मेन फ्यूज किंवा ब्रेकर, आणि मोठी काळी केबल. डॅश मेलाय पण बिल्ज पंप चालतो, तर बॅटरी ठीक आहे, इंजिनकडून डॅशकडं जाणारा रस्ता तुटलाय. डॅशला लाईट आहे, चावी स्टार्टला नेली की सगळे काटे झटक्यात खाली पडतात आणि टक असा आवाज येतो, तर कुठंतरी जॉइंट एवढा खराब आहे की थोडा करंट जातो पण सेल्फला लागतो तेवढा जात नाही. हे शेवटचं लक्षण बघून लोक सगळ्यात जास्त बॅटऱ्या बदलतात.

बॅटरी

रात्रभर चार्जर न लावता ठेवलेल्या बॅटरीवर मीटर लावा. 12.6 ते 12.7 आलं तर भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 म्हणजे जवळपास संपत आलेली. चार्जर काढल्या-काढल्या 13 च्या वर दाखवेल, ते खरं नाही, थोडा वेळ लाईट लावून ठेवा मग मोजा. पण नुसतं 12.6 दिसलं म्हणून बॅटरी चांगली असं पण नाही. कुणाला तरी चावी स्टार्टला धरायला सांगा, 3-4 सेकंदच, आणि तुम्ही मीटर बघा. 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जाम होऊन जास्तीचा करंट खेचायलाय. 12.6 वरून हललंच नाही आणि सेल्फ पण फिरला नाही, तर करंट बॅटरीतून निघालाच नाही, म्हणजे बॅटरीला दोष देऊ नका, पुढं चला.

आपल्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्री असतं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बॅटरीतलं पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि एकदा उघड्या पडून वाळल्या की तेवढा भाग गेलाच. झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघा, बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातला क्षार प्लेटांना खातो. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेलचं रीडिंग जवळपास सारखं आलं पाहिजे, एकच सेल खूप खाली असेल तर ती बॅटरी बदलायचीच.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बोटीत टाकू नका. ती थोडा थोडा करंट खूप वेळ द्यायला बनवलेली असते, सेल्फला क्षणात लागणारा मोठा करंट तिचं काम नाही. ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी अडीअडचणीला चालते पण ती पट्ट्यानं घट्ट बांधलेली पाहिजे. काठावरच्या जीपवरून जंप देणं चालतं, शेवटची काळी क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिनच्या ब्लॉकला लावा. ट्रक-टिप्परवरून कधीच नाही, त्यांची सिस्टीम 24 व्होल्टची असते.

आता खरी तपासणी, जॉइंट

ही गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच आहे. खराब जॉइंट हा तोंडावर अंगठा दाबलेल्या पाइपासारखा असतो, नळ बंद असताना प्रेशर बरोबर दाखवतो, नळ उघडला की धार नाही. म्हणून लोड नसताना, म्हणजे करंट खेचणारं काही चालू नसताना, सगळीकडं 12.6 दिसेल आणि तुम्ही फसाल. मोजायचं ते लोड चालू असताना.

पद्धत अशी. मीटर डीसी 20 व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह, शिशाच्या खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर दाबून धरा. काळं टोक त्याच टर्मिनलच्या क्लॅम्पवर. आता कुणीतरी चावी मारायची. मीटरनं शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. इथंच अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तुमचा फॉल्ट सापडला, खुंटी आणि क्लॅम्पच्या मधल्या त्या पातळ राखाडी थरात तो बसलाय, डोळ्याला दिसत पण नाही. ठीक असेल तर काळं टोक पुढं न्या, मेन स्विचच्या अलीकडं, मग पलीकडं, मग सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. खुंटीपासून सेल्फपर्यंत सगळं मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. ज्या दोन पॉइंटच्या मधे आकडा एकदम उडी मारतो, तिथं फॉल्ट.

मग हेच निगेटिव्हला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर खरवडलेल्या जागेवर. इथं 0.3 च्या वर नको. लोक पॉझिटिव्ह दहादा बघतात आणि निगेटिव्हला हातच लावत नाहीत, आणि काळी केबल इंजिनच्या खाली, तळाच्या ओलीजवळ बोल्टला लागलेली असते, सगळ्यात जास्त तीच सडते. रंगावर लग बसवलेला, वॉशर गंजलेला, असं काहीही असतं. काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून मग बसवणं उलटं काम आहे.

केबल हातानं वाकवून बघा. लगच्या तोंडाशी कडक, कुरकुरीत लागली किंवा इन्सुलेशन फुगलेलं दिसलं तर आत तार खाल्ली गेलीय, केबल बदला. लग नुसता हलवल्यावर मीटरचा आकडा नाचायलाय तर तिथंच थांबा.

बॅटरीचा लाल गोल मेन स्विच असतो ना, ऑफ-1-2-बोथ वाला, तो उन्हानं आणि वर्षानुवर्षं फिरवून आतून जळतो. वर सांगितल्यासारखं त्याच्या दोन बोल्टवर लोडमध्ये मोजा. आणि इंजिन चालू असताना तो ऑफवर कधीच नेऊ नका, अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) डायोड जातात.

फ्यूज डोळ्यानं बघून पास करू नका. टेस्ट लॅम्प निगेटिव्हला लावून फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टोचा, दोन्हीकडं सारखा पेटला पाहिजे. फ्यूज चांगला आणि होल्डरची पत्ती सैल, असं पण खूप असतं. ब्रेकर असेल तर बटण पूर्ण दाबून रिसेट करा. परत उडाला तर शॉर्ट आहे, तो शोधायचा, जाड तार किंवा सिगारेटची चांदी लावून काम भागवायचं नाही. बोटीत आग लागली तर पळायला जागा पाण्यातच आहे.

डॅश मेलाय पण बॅटरी जिवंत

इंजिनकडून डॅशकडं जाणारं सगळं वायरिंग एका जाड जुडग्यात येतं आणि मधे एक मोठा प्लग असतो. मर्क्युरी आणि मर्क्रूझर कंपनीच्या जुन्या इंजिनांवर तो बहुतेक गोल, रबरी, बऱ्याच पिनांचा असतो. जुन्या बोटीत ‘मधेच बंद, मधेच चालू’ असा फॉल्ट असेल तर मी सगळ्यात आधी इथं जातो. क्लिप सोडा, सरळ ओढून काढा, पिळू नका. आत टॉर्च मारा. बाकी पिना पिवळ्या-पांढऱ्या चकचकीत दिसतील आणि एखादी हिरवट, नाहीतर काळी पडून भोवतीचं रबर वितळल्यासारखं झालेलं. लाल किंवा जांभळ्या वायरचीच पिन असते ती बहुतेक, कारण डॅशचा सगळा करंट तिच्यातून जातो. गरम झाली की ती पसरते, कॉन्टॅक्ट सुटतो, सगळं बंद. थंड झाली की परत कॉन्टॅक्ट. पाच मिनिटांनी आपोआप चालू होण्याचं एक मोठं कारण हे आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, बारीक ब्रशनं साफ करा, पिनच्या चिरा पातळ ब्लेडनं एकदम किंचित फाकवा म्हणजे घट्ट बसेल. पिन वितळलेली असेल तर साफ करून उपयोग नाही, प्लग बदलावाच लागतो.

अमेरिकन बनावटीच्या बोटीत रंग साधारण ठरलेले असतात. लाल म्हणजे थेट बॅटरी, जांभळी म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा करंट, पिवळी-लाल पट्ट्याची सेल्फकडं जाणारी, काळी अर्थिंग, राखाडी आरपीएम मीटरची. जपानी बोटीचे रंग वेगळे, आणि मधे कुणी बदललं असेल तर रंगावर विश्वास ठेवूच नका, मीटरनं खात्री करा. आता चावीच्या स्विचमागं लाल वायरवर 12 व्होल्ट येतात का? नाही आले तर प्लग किंवा डॅशचा फ्यूज. आले, आणि चावी ऑन करून जांभळीवर नाही आले, तर स्विच गेला. जांभळीवर आले, आणि स्टार्टला फिरवून पिवळी-लालवर पण आले, तर डॅशची बाजू पास, इंजिनकडं या.

मधे एक गोष्ट बऱ्याच जणांची राहून जाते, किल स्विच. मनगटाला बांधायची लाल दोरी. क्लिप नीट बसलेली नाही, किंवा स्विच आत खराब आहे, तर तुम्ही दिवसभर शोधत राहाल. हा प्रकार ओळखायची खूण सोपी आहे, सेल्फ फिरतो पण इंजिन फायर होत नाही. पुष्कळ जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत हा स्विच इग्निशनला अर्थ करून बंद करतो, व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनांत बहुतेक कॉइलचा सप्लाय तोडतो, त्यामुळं तपासायच्या आधी वायरिंग बघा. टेस्टिंगसाठी बायपास केला तरी काम झाल्यावर परत जोडायचाच, माणूस पाण्यात पडला तर तेवढीच एक गोष्ट बोट थांबवते. सेल्फ फिरतच नसेल तर न्यूट्रल स्विच (लिव्हर न्यूट्रलला नसेल तर सेल्फ फिरू देत नाही तो) पण बघा, लिव्हर किंचित हलवून परत चावी मारून बघा.

डॅश ठीक, पिवळी-लालवर 12 व्होल्ट, आणि सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडणारा स्विच) नुसता टक टक करतो, मोठ्या केबलीचं मोजमाप पण बरोबर, तर सोलेनॉइडच्या आतली पत्ती जळली किंवा सेल्फचे कार्बन ब्रश संपले. स्क्रू ड्रायव्हरनं दोन बोल्ट शॉर्ट करून बघायची सवय गॅरेजमध्ये सगळ्यांना असते, बोटीच्या बंद कप्प्यात ती करू नका, ठिणगी मोठी पडते.

सेल्फ किंवा अल्टरनेटर बदलायची वेळ आली तर कारचा लावायचा मोह होतो, अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो, बोल्ट पण बसतात. पेट्रोल बोटीत लावू नका. बोटीचा पार्ट ठिणगी बाहेर येणार नाही असा बंद बनवलेला असतो, कारचा तसा नसतो. बाकी कुठं पैसे वाचवायचे ते वाचवा, इथं नाही.

चालता चालता हळूहळू मरते

काटे मंद होत जातात, मग बंद. म्हणजे चार्जिंग होत नाही. इंजिन चालू करून, आरपीएम थोडा वाढवून बॅटरीवर मोजा, 13.8 ते 14.5 पाहिजे. बारा-साडेबाराच राहिलं तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटरच्या मागचे जॉइंट, मग अल्टरनेटर. टू-स्ट्रोकमध्ये बेल्ट नसतो, फ्लायव्हीलखाली स्टेटर (करंट तयार करणारी कॉइल) आणि बाहेर रेक्टिफायर (तो करंट डीसी करणारा) असतो. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळेल. हे सगळं पाण्यात उभ्या बोटीत करायचं, इंजिनला थंड करणारं पाणी बहुतेक जेट बोटीत पंपातूनच येतं, ट्रॉलीवर कोरडी चालवली तर नवीनच खर्च उभा राहील.

उभ्या-उभ्या बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर 10 अँपिअरवर घेऊन केबल आणि खुंटीच्या मधे लावा. काही मिलीअँपिअर गाण्याच्या टेपमधल्या घड्याळाचे चालतात. शंभराच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडला ते सर्किट. बिल्ज पंपाचा फ्लोट कचऱ्यानं वर अडकलेला असणं हे नेहमीचं. मीटर असं लावलेलं असताना चावीला हात लावू नका, मीटर जळेल.

दुरुस्ती करताना घरगुती एक-तारी वायर वापरू नका, हादऱ्यानं ती आत तुटते. बारीक तारांची, जमलं तर कथील चढवलेली वायर घ्या, लग क्रिम्पिंगच्या पक्कडनं दाबा, वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. तारा पिळून टेप मारलेला जॉइंट म्हणजे पुढच्या फॉल्टची तारीख. ॲल्युमिनियमची बोट असेल तर बॉडीला अर्थिंग म्हणून वापरू नका, प्रत्येक उपकरणाला स्वतःची निगेटिव्ह वायर द्या, नाहीतर फिरता करंट पत्रा खाऊन टाकतो.

आपल्याकडं पाणी उतरलं की बोट शेडमध्ये जाते आणि बाहेर निघते ती पावसाळ्यात, कधी कधी तर पूर आल्यावर, जेव्हा लोकांना काढायला तीच लागते. सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यानं बघितलंय बोटीची काय किंमत असते ते. म्हणून शेडमध्ये ठेवताना बॅटरी काढून घरात सावलीला ठेवा, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, उंदीर वायर कुरतडतात म्हणून इंजिनचा कप्पा बंद करून ठेवा, गोल प्लग उघडून साफ करून परत लावा. आणि मृग लागायच्या आधी एक दिवस काढून, केबली जोडून, वरची लोड टेस्ट पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्हीकडं करा आणि आकडे वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या वर्षी तोच आकडा 0.1 वरून 0.4 झालेला दिसला तर तो जॉइंट बंद पडायच्या आधीच उघडा.